पेन्सिलीचे दोन गोल

तेंदूखोच्या दगडी ओट्याबद्दल मी पुष्कळ बोललो आहे. विद्यार्थ्यांपुढे बोललो, इथल्या मराठी मंडळात खांद्यावर शाल घेऊन बोललो, घरी आलेल्या पाहुण्यांना फोटो दाखवत बोललो. त्या ओट्यात कोणते दगड आहेत, एवढं मात्र मी या दिवाळीपर्यंत एकाही माणसाला सांगितलेलं नव्हतं. बायकोला, शैलजाला, सांगितलं नाही, आणि ती त्रेचाळीस वर्षं माझ्याबरोबर होती. मुलीला, मुक्ताला, अजून ठाऊक नाही. तुम्ही हे वाचाल तेव्हा बहुधा तीही वाचत असेल.

सुमेरसिंह नावाचा एक माणूस होता. त्याच्या गावानं त्याला खोटारडा ठरवलं, जातीबाहेर टाकलं, आणि तो तसाच मेला. तो खोटारडा नव्हता. हे ठाऊक असलेला एकच माणूस होता, आणि तो इथे भोपाळात, कोटरा सुल्तानाबादच्या आपल्या घरात, सकाळचा चहा वेळेवर पीत होता.

एवढं लिहिलं आणि थांबलो. वाटलं होतं, सरळ लिहून टाकीन. तसं होत नाही. थोडं मागून यावं लागेल.

माझं वय आता अठ्ठ्याहत्तर. राज्याच्या कचेऱ्या नागपूरहून भोपाळला हलल्या तेव्हा माझे वडील कारकून म्हणून इथे आले. मी लहान होतो. पुढे नागपूरला राहून आर्किटेक्चर शिकलो, परत आलो, नेहरू नगरात दोन खोल्यांचं ऑफिस थाटलं. मोठ्या इमारती मी कधी बांधल्या नाहीत. लोक एखादा डोंगर, एखादं लेणं, एखादं जुनं तळं पाहायला जातात, त्यांच्यासाठी लागणाऱ्या लहान गोष्टी मी करत असे. पाऊलवाट. विसावा. तिकिटाची खिडकी. उन्हाच्या वेळी सावली पडेल अशी भिंत. पाहुण्याला डोंगरापुढे आणून उभं करायचं आणि इमारतीनं गप्प बसायचं — हे वाक्य मी वर्गात इतक्यांदा म्हटलं आहे की माझे जुने विद्यार्थी भेटले की तेच मला ऐकवतात. चांगलं वाक्य आहे. गप्प बसणं मला पहिल्यापासून जमत होतं, हे त्यांना कुठून कळणार?

तेंदूखो हे होशंगाबाद रोडनं गेलं की पुढे आत वळून लागतं. चाळीसेक घरांचं गोंडांचं गाव. मागे टेकडी, आणि टेकडीच्या पोटात खडकाची एक लांबलचक ओसरी. त्या खडकावर गेरूनं काढलेली हरणं आहेत, हत्ती आहेत, हातात हात धरून नाचणारी माणसं आहेत. कुणी काढली, कधी काढली, कुणालाच सांगता येत नाही. सरकारी खात्याला तिथे पाहुण्यांसाठी वाट आणि बसायची जागा करायची होती. बावीस-तेवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. काम माझ्याकडे आलं.

माझी एक पद्धत होती. मोजणीला मी दुसऱ्याला पाठवत नसे. गावातला एक माणूस बरोबर घ्यायचा, आठ-दहा दिवस नुसतं फिरायचं, आणि जे दिसेल ते वहीत उतरवायचं. झाडाचा घेर, कितीला कुठे ऊन येतं, गुरं कुठून उतरतात, पाणी कुठे साचतं. तेंदूखोत माझ्याबरोबर आला तो सुमेर. माझ्याच वयाचा असावा. सडपातळ, डोक्याला गमछा, आणि तोंडानं तिखट. मी टेप घेऊन सागाच्या बुंध्याला मिठी मारत होतो तेव्हा तो मागून म्हणाला, "कुर्ता सिलोगे क्या इसका, साब?" मी वहीत लिहायला लागलो की तो वाकून पाहायचा. त्याला वाचता येत नव्हतं. "मेरा कहा सब इसमें बैठ जाता है?" म्हणून विचारायचा. मी हो म्हणायचो. खरंच बसत होतं. टेकडीवर जाणारी जी वळणावळणाची वाट माझ्या नावावर आहे, ती सुमेरनं दाखवलेली गुरांची वाट आहे. चढ कुठे लागतो, दम कुठे घ्यायचा, हे गाईंना आणि त्याला माहीत होतं. पण ही चोरी लहान आहे. असल्या चोऱ्या आमच्या धंद्यात सगळेच करतात आणि त्यांना अभ्यास म्हणतात.

सहाव्या दिवशी त्यानं मला टेकडीच्या कुशीतल्या एका सपाट जागी नेलं. कडेला पोचल्यावर चपला काढल्या. मीही बूट काढले. समोर दगड उभे होते. एका रांगेत, गुडघ्याएवढे, काही जरा उंच, सगळ्यांचं तोंड खडकाकडे. कोरीव काम नाही, अक्षर नाही. जंगलात असतो तसाच दगड, फक्त उभा केलेला. गावातलं माणूस गेलं की टेकडीवरून त्याच्यासाठी एक दगड निवडायचा, इथे आणून रोवायचा, हळद लावायची. नवं धान्य घरी शिजायच्या आधी त्याची पहिली मूठ इथे यायची. कुणाचा दगड कोणता, ते ज्याच्या त्याच्या घरच्यांना ठाऊक. सुमेर एकेका दगडापाशी थांबून नाव सांगत गेला आणि मी वहीत दगडाची आकृती काढून त्याखाली नाव लिहीत गेलो. एकोणीस दगड. शेवटच्या दगडातून पांढऱ्या गारगोटीची एक रेघ आडवी गेली होती. त्याच्यावर हात ठेवून तो म्हणाला, "ये हमारी अम्मा." घरी आलेल्या माणसाला आतल्या खोलीत नेऊन ओळख करून द्यावी, तसं.

मी हात जोडले. खोटे नाही जोडले.

आणि मग मी मागे वळलो.

पाच दिवस मी जी जागा शोधत होतो ती ही होती. डावीकडे चित्रांचा खडक पूर्ण दिसत होता, एकही फांदी आड न येता. उजवीकडे सागाचं रान उतरत जाऊन दरी, आणि दरीच्या तळाशी नदीची बारीकशी रेघ. पाहुण्याला इथे बसवलं, तर ज्या माणसांनी ती हरणं काढली त्यांना काय दिसत होतं, ते त्याला एक शब्दही न सांगता कळेल. माझा सगळा धंदा ज्या एका गोष्टीवर उभा, ती इथे आयती मांडलेली होती. मला हे कळायला पाच दिवस लागले. ज्यांनी मेलेल्यांसाठी ही जागा निवडली त्यांना ते कधीचंच कळलं होतं. जागा निवडण्यात ते माझ्यापेक्षा सरस होते. हे मला त्याच क्षणी समजलं, आणि तरीही माझ्या मनात आलं ते एवढंच — ओटा इथेच.

नकाशा मी नेहरू नगरच्या ऑफिसात बसून, हातानं, ट्रेसिंगवर काढला. वहीतलं सगळं उतरवत गेलो. झाडं आली, ओहळ आला, गुरांची वाट आली. त्या सपाट जागेवर आलो आणि पेन थांबलं. दगड दाखवले तर खातं ओटा हलवायला सांगणार, हे नक्की होतं. हलवायचा तर खाली, आणि खालून काय दिसतं? डांबरी रस्ता आणि मोबाइलचा टॉवर. मी दगड दाखवले नाहीत. त्या जागी बारीक अक्षरात लिहिलं — 'सुटे दगड'.

खोटं होतं का ते? दगड सुटेच होते, कशाला जोडलेले नव्हते. अशा खोट्याची सोय किती असते पाहा.

आणि दुसऱ्या कागदावर, कामाच्या अटींमध्ये, माझी नेहमीची अट होती. तिचा मला अभिमान होता. बांधकामाला दगड बाहेरून आणायचा नाही. जागेवर उपलब्ध असलेले सुटे दगडच वापरायचे. इमारत त्या मातीची वाटली पाहिजे ना? दोन कागद, दोन ओळी. एकेकटी ओळ वाचली तर कुणाला काही खुपणार नाही. दोन्ही शेजारी ठेवून वाचणारा माणूस फक्त मी होतो.

बांधायच्या वेळी गावाशी बोलू, दगड मानानं खाली एखाद्या झाडापाशी नेऊन रोवू, असं तेव्हा मनात होतं — हे वाक्य मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. मनात नव्हतं. असतं तर गावाशी बोलायला मला तेंदूखोपर्यंत जायलाच हवं होतं, आणि मी त्या दिवसांत तिकडे फिरकलो नाही.

फागुनात काम सुरू झालं. चैतात त्या भागातली माणसं गहू कापायला नर्मदेकाठच्या शेतांवर जातात, घरंच्या घरं, पोराबाळांसकट. चैतुए म्हणतात त्यांना. तेंदूखोही जायचं. त्या वर्षी जावं की नाही, असा प्रश्न गावात निघाला होता, कारण टेकडीवर परके लोक काम करत होते. सुमेरनं गावाला सांगितलं, बिनघोर चला, दगडांचं मी पाहिलं आहे. गाव त्याच्या शब्दावर गेलं. निघण्याआधी तो मला भेटायला भोपाळला आला होता. त्या भेटीबद्दल मला आत्ता लिहिता येत नाही. लिहीन.

महिन्याभरानं गाव परतलं तेव्हा ओटा झाला होता. मिस्त्री बाहेरचा होता, भला माणूस. कागदावर 'सुटे दगड' होतं, अटींत 'सुटे दगड वापरावेत' होतं. त्यानं वापरले. लांब होते ते फोडून थरात बसवले. चुन्या-सिमेंटशिवाय, नुसते एकमेकांवर रचून — तीही माझीच सूचना. अर्धगोल ओटा, बसायला रुंद, पाठीला टेकायला टेकडीचा उतार. फार देखणं काम झालं होतं. आजही आहे.

गावानं तक्रार केली तेव्हा खात्याचा एक अधिकारी चौकशीला आला. टेकडीखालच्या महुआच्या झाडाच्या सावलीत सतरंजी टाकली होती. मोठा नकाशा उघडला गेला. त्यात झाडं होती, वाट होती, ओटा होता. उभे दगड नव्हते. गावातली पंचमंडळी एका बाजूला उकिडवी बसली होती. सुमेर उभा होता. अधिकाऱ्यानं मला विचारलं, "इनमें से किसी ने आपको बताया था?"

सुमेर माझ्याकडे पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर भीती असती तर बरं झालं असतं. भीती नव्हती. आता साब बोलतील आणि सगळं सरळ होईल, असा विश्वास होता. तो जरासा हसलाही.

मी म्हणालो, "मुझे किसी ने नहीं बताया."

"साब," सुमेर म्हणाला. मग, "साब, वो दो..." त्या 'दो'चा अर्थ तिथे मला एकट्याला कळला. मी नकाशाची गुंडाळी करायला घेतली.

एवढ्यात झालं सगळं. सतरंजीवर चहा आला, मी प्यायलो.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यानं कळत गेलं, बहुतेक तिथल्या तिकिटाच्या खिडकीवरल्या माणसाकडून. सुमेरला गावानं बाहेर टाकलं. त्याच्या घरचं पाणी कुणी घेईना. मुलीच्या लग्नात मांडवाखाली घरचीच माणसं होती. आपल्या आईचा दगड ज्यानं सरकारला दिला, तो माणूस — असं त्याच्याबद्दल बोलत. तो बायकोला, रामवतीला, घेऊन मंडीदीपकडे गेला, कारखान्यांच्या गोदामांवर राखण करत राहिला. सात-आठ वर्षांनी तिथेच गेला. त्याच्या नावाचा दगड कुठेच नाही. कुणी रोवला असता, आणि कुठे?

आणि मी काय करत होतो? ओट्याचं कौतुक होत होतं. इमारत टेकडीतूनच उगवली आहे, असं लोक म्हणायचे. विद्यार्थी बसमधून यायचे, मी त्यांना ओट्यावर बसवायचो आणि सांगायचो, या जागेचा आणि इथल्या माणसांचा वारसा तुमच्या हाताखाली आहे, हात लावून पाहा. मुलं हात लावायची. मी एकदा वही बरोबर घेऊन गेलो होतो, एकटाच. थरांमधून शोधत शोधत एक दगड ओळखला. खालून तिसऱ्या ओळीत, फोडलेला, पण पांढरी गारगोटीची रेघ शाबूत. त्याच्यावर बसून एक मुलगी आईच्या हातून पराठा खात होती. मी वही पिशवीत ठेवली आणि परत आलो. पुढल्या भाषणात तरीही तेच बोललो.

शैलजाला ती वही एकदा सापडली होती. कपाट आवरत होती. पान उघडं धरून तिनं विचारलं, "अहो, ही नावं कुणाची?"

"मजुरांची हजेरी असेल जुनी."

"हजेरीत दगडांची चित्रं काढता होय?" ती म्हणाली, आणि वही होती तिथे ठेवून दिली. पुन्हा विचारलं नाही. तिला काय समजलं असेल, मला माहीत नाही. आता विचारता येत नाही.

ती गेली त्याला दीड वर्ष झालं. बाल्कनीत तिची एक वेताची खुर्ची होती, एका बाजूनं उसवलेली. मी तिच्यावर बसत नसे, पण सकाळी चहा घेऊन तिच्यासमोर उभा राहत असे. गेल्या उन्हाळ्यात मुक्ता बाग सेवनियातल्या तिच्या घरून माझं घर आवरायला आली आणि मी बँकेत गेलो असताना तिनं ती कबाडीवाल्याला देऊन टाकली. मी तिच्यावर ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा ओरडलो. ती घाबरली, मग रडली, म्हणाली, "बाबा, मला काय माहीत? मोडकी खुर्चीच तर होती ती. सांगायचं ना कुणीतरी."

मी बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. फरशीवर चार पायांचे चार डाग होते. सांगायचं ना कुणीतरी. मला तर सांगितलं होतं. एकेकाचं नाव घेऊन सांगितलं होतं.

आता ती भेट.

चैताला निघायच्या दोन-तीन दिवस आधी सुमेर बसनं भोपाळला आला. नेहरू नगरचं माझं ऑफिस त्यानं विचारत विचारत शोधलं. दुपारची वेळ होती. हातात फडक्यात बांधलेली महुआची फुलं होती, माझ्यासाठी. खुर्चीवर बसेना, मी आग्रह केल्यावर काठावर बसला. पाणी प्यायला. मग म्हणाला, "साब, पत्थर नक्शे में चढ़ गए?"

मी म्हणालो, "चढ़ गए."

इथे थांबलो असतो तरी मी लबाडच ठरलो असतो. पण त्यानं थांबू दिलं नाही. संशय नव्हता त्याला. त्याला फक्त पाहायचं होतं, घरी जाऊन सांगायला. "दिखाओगे?"

टेबलावर नकाशाची, अमोनियाच्या यंत्रावर छापलेली एक प्रत पडली होती, अजून वास जायचा होता तिचा. मी ती त्याच्यापुढे उलगडली. ओट्याच्या सपाटीभोवती झाडं होती. नकाशात झाड म्हणजे एक लहानसा गोल, मध्ये टिंब. मी त्या गोलांवरून बोट फिरवलं आणि म्हणालो, "ये रहे."

तो वाकला. बराच वेळ पाहत राहिला. "ये तो बिखरे हैं, साब. हमारे तो पाँत में हैं."

"नक्शे में ऐसे ही दिखाते हैं."

त्यानं मान हलवली. शिकलेला माणूस सांगतो आहे म्हटल्यावर तसंच असणार. मग त्यानं तर्जनी पहिल्या गोलावर ठेवली आणि मोजायला लागला. ओठ हलत होते. प्रत्येक गोलावर बोट टेकवून थांबत होता, बहुधा मनात नाव घेत असावा. शेवटी बोट थांबलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. "सत्रह हैं, साब. दो कम हैं."

झाडं सतराच होती तिथे.

मला तेव्हा काय वाटलं, ते आठवायचा मी फार प्रयत्न केला आहे. लाज वाटली असेल का? हात कापला असेल का? नाही. हात अगदी स्थिर होता, कारण ते दोन गोल नीट आले आहेत. मी टेबलावरची पेन्सिल उचलली आणि त्याच्या डोळ्यांसमोर, इतर गोलांच्याच मापाचे, आणखी दोन गोल काढले. मध्ये टिंबं दिली. म्हणालो, "रह गए थे. अब पूरे हैं."

त्यानं त्या दोन्हींवर बोट ठेवलं. "अठारह," तो म्हणाला. "उन्नीस." आणि दुसऱ्या गोलावर बोट तसंच ठेवून म्हणाला, "ये अम्मा का हुआ."

जाताना त्यानं माझे दोन्ही हात हातात घेतले. ती महुआची फुलं मी संध्याकाळी शैलजाला दिली. तिला त्यांचं काय करायचं ते कळलं नाही.

ती प्रत मी वहीबरोबर गुंडाळून ठेवली. फाडायला हवी होती, फाडली नाही. का, ते सांगता येत नाही. पश्चात्ताप होता असं म्हणणार नाही.

या दिवाळीनंतर मी वही आणि ती प्रत घेऊन तेंदूखोला गेलो. टॅक्सी गावाबाहेर थांबवली. रामवती आता गावातच राहते, हे तिकिटाच्या खिडकीवर कळलं होतं. अंगणात बसून ती चिंचा सोलत होती. मी कोण ते तिनं ओळखलं, पण उठली नाही, बसाही म्हणाली नाही. सून पाणी घेऊन आली. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. ऑफिस, गोल, सतरा, पेन्सिल. ती चिंचा सोलत राहिली. पेन्सिल म्हटल्यावर तिचे हात थांबले.

"पेंसिल से?"

"हाँ."

"तुमने अपने हाथ से?"

"हाँ."

तिनं चिंचांची टोपली बाजूला सरकवली. मग म्हणाली, "मरते दम तक यही कहते रहे. मेरे सामने दो बनाए थे, पेंसिल से. लोग हँसते थे, इतना बड़ा साब तेरे लिए पेंसिल चलाएगा? मैं भी नहीं मानी." मग, सुनेला ऐकू जाणार नाही एवढ्या हळू आवाजात, "उनके जाने के बाद पंचों ने कहा, बोल दे कि तेरा आदमी झूठा था, तो गाँव में घर दे देंगे. मैंने बोल दिया."

माझ्याकडे तिला द्यायला एकच गोष्ट होती. मी ती प्रत उलगडून तिच्यापुढे धरली. कागद पिवळा पडला आहे, छापील रेघा फिक्या झाल्या आहेत. पेन्सिल मात्र आहे तशी आहे. तिनं कागद मांडीवर घेतला आणि मोजायला लागली. त्याच्यासारखीच, एकेका गोलावर बोट टेकवून. सतराच्या पुढे गेल्यावर तिचं बोट त्या दोन गोलांवर राहिलं.

मी म्हणालो, पंचांपुढे येऊन मी सांगतो.

तिनं कागद घडी करून पोलक्यात ठेवला. "पंचों को मैं दिखाऊँगी. तुम मत आना. तुम वहाँ जाके फिर कुछ और कह दोगे."

वही ठेवून घ्याल का, म्हणून विचारलं. तिनं हात पुढे केला नाही. मी ती उंबऱ्यावर ठेवली. तिनं टोपली जवळ ओढली आणि पुन्हा चिंचा सोलायला घेतल्या. मी निघालो.

कागद आता तिच्याकडे आहे. माझ्याकडे काही उरलेलं नाही, म्हणून हे लिहिलं आहे. नकाशात दगड नव्हते. सुमेरसिंहानं मला ते सांगितले होते, एकोणीस, नावांसकट. तो मोजून म्हणाला, दोन कमी आहेत. ते दोन मी काढले.